उलटे आटे

मुलानं पान्याला लोखंडी नळी जोडली, बंपरवर पाय रोवला आणि सगळ्या अंगानिशी खेचलं. कट्कन आवाज झाला. बोल्ट सुटला नाही, तुटला. मुलाची बोटं पत्र्यावर घासून सोलवटली. त्यानं शिवी हासडली, पाना उचलला आणि भिरकावला. पाना त्याच्या बायकोच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. ती दचकली नाही. तिनं फक्त मान बाजूला केली, रोजची सवय असल्यासारखी.

त्याची आई, मिस्त्रीण, हे बघत होती. गॅरेज तिचं होतं. आधी लोक तिला नवऱ्यामुळे मिस्त्रीण म्हणायचे, तो गेल्यावर तिच्या हातांमुळे म्हणू लागले.

"थांब म्हणत होते ना? गंजलेल्या बोल्टाला तेल लागतं, ताप लागतो. दांडगाई काय कामाची?"

"तुझा पानाच भिकार!" मुलगा ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

गाडी आज चालू व्हायलाच हवी होती. मुलाला लांब डोंगरात दगडखाणीवर नोकरी लागली होती आणि तो बायकोला घेऊन निघाला होता. तिथलं घर वस्तीपासून दूर, एकटं. इथं तो हात उगारायचा तेव्हा मिस्त्रीण गाडीखालून सरपटत बाहेर यायची आणि मध्ये पडायची. कधी तिलाही मार बसायचा. तिथं मध्ये पडायला कोण होतं? काल सून तिच्याजवळ बसून म्हणाली होती, "आई, मला पाठवू नका. तिथं हे मला मारून टाकतील."

"असं अभद्र बोलू नये पोरी," मिस्त्रीण म्हणाली होती. "नवी जागा, नवी नोकरी. सुधारेल तो."

आईच ती. तिच्या आशेला औषध नसतं.

म्हणून सकाळपासून तीच गाडीला भिडली होती. पाण्याचा पंप बदलायचा होता आणि त्याचा शेवटचा बोल्ट आता इंजिनात तुटून बसला होता. तो निघाल्याशिवाय नवा पंप बसणार नव्हता. तिनं गॅसची ज्योत पेटवली. लोखंड लालसर होईपर्यंत भाजलं, वर तेल ओतलं. धूर डोळ्यांत गेला. छिन्नीचं टोक टेकवून तिनं घाव घातला, मग ड्रिल लावलं. ड्रिल किंचाळत तुटक्या बोल्टात घुसलं. तापलेला कीस मनगटांना डसत राहिला, पण तिनं हात हलू दिला नाही. भोक अगदी मधोमध पडलं.

मग तिनं एक्स्ट्रॅक्टर काढला. बोटाएवढी कडक पोलादी सळई, तिला उलटे आटे. डावीकडे फिरवली की ती भोकात रुतते आणि तुटक्या बोल्टाला घेऊन बाहेर येते. धोका एकच. जोर तिरका बसला तर सळई आतच तुटते, आणि मग तिच्यावर ड्रिलसुद्धा चालत नाही. इंजिन खोलून पार बाहेर काढावं लागतं.

"आई," सून हळूच म्हणाली, "नाही निघाला तर?"

मुलानं ऐकलं. "हेच पाहिजे ना तुला?" म्हणत त्यानं तिचे केस धरले आणि तिचं कपाळ गाडीच्या दारावर आपटलं. पुन्हा आपटलं. भुवई फाटली, रक्त गालावर आलं. मिस्त्रीण धावली तेव्हा त्यानं तिच्या छातीत कोपर हाणून तिला मागं लोटलं.

"आई, तू तुझं काम कर. बायको माझी आहे."

त्याचा बाप अगदी ह्याच शब्दांत बोलायचा. खाण तशी माती. जागा बदलून मातीला काय होणार होतं?

"करते," मिस्त्रीण म्हणाली.

ती वाकली. सळई भोकात ठोकली, दांडा लावला आणि डावीकडे फिरवला. करकर झाली. बोल्ट हलला. अर्धा फेरा बाहेर सरकला. अजून थोडं फिरवलं असतं तर हातातच आला असता.

"सुटला!" मुलगा ओरडला आणि बायकोकडे वळला. "चल, बस गाडीत!"

मिस्त्रिणीनं दांडा बाजूला ठेवला. मोठा हातोडा उचलला आणि सळईवर आडवा घाव घातला. पोलाद टणकन तुटलं. वरचा तुकडा उडून फरशीवर नाचला, उरलेला बोल्टाच्या पोटात राहिला.

मुलगा गॅरेजातच वाढलेला. काय झालं ते त्याला समजावून सांगायला नको होतं. "थेरडे!" म्हणत त्यानं मडगार्डवर एक हात टेकला आणि दुसरा तिच्या गळ्याकडे नेला. तिचा पुढचा घाव त्याच्या टेकलेल्या हातापासून दोन बोटांच्या अंतरावर बसला. पत्रा आत गेला. मुलानं दोन्ही हात मागं घेतले. आता हातोडा कुठं बसेल हे त्याला कळेना. खरं तर तिलाही कळत नव्हतं. पोटचा पोर होता, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातोडा उचललेलाच होता.

तिनं मोकळ्या हातानं मागच्या सीटवरची सुनेची पिशवी ओढून काढली, ती सुनेला दिली आणि सुनेला आपल्यामागं घेतलं.

"बोल्ट निघत नाही," ती म्हणाली. "गाडी निघत नाही. आता तू निघ."