रंग आला

मूळपेशींमधलं एक प्रोटीन स्तनाच्या कर्करोगाला औषधांतूनही जगवतं. ते शोधणं हा सीमंतिनीचा उद्योग. प्रोटीन सापडलं की काचपट्टीवरचा गाठीचा काप तपकिरी रंगायचा, प्रबंध पुढे सरकायचा आणि ती दाना ओली मोहल्ल्यातल्या घरी गुणगुणत शिरायची. आज काचपट्टीवर आईची गाठ होती. "परक्यांच्या तपासतेस, मग माझी का नको?" म्हणत आईनंच ती दिली होती. सीमंतिनीनं दोनदा भिंग पुसलं, दिव्याला दोष दिला, खुर्ची बदलली. रंग काही फिका होईना. मागून प्रबंधाचे मार्गदर्शक सर वाकले: "वा, क्या रंग आया है!" तेवढ्यात आईचा फोन. "तपकिरी आला का गं? सकाळपासून देवापुढे बसलेय. सरांसमोर नाक कटायला नको." "आला. पण आई, ऐक..." आईनं ऐकलं नाही. ती बाबांना हाक मारत होती: "अहो, पेढे आणा! माझी गाठ पास झाली!"