पुठ्ठ्याखालचं आकाश

पुठ्ठा सुटला आणि तिचा हात जागच्या जागी थिजला.

चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीला बुरशी धरली होती, म्हणून ती काढून नवी बसवायची, एवढंच काम. पण चौकटीनं आजवर झाकलेली चित्राची कड आता उघडी पडली होती. बोटभर पट्टी. त्या पट्टीतलं आकाश निळं होतं. चक्क निळं, सूर्य डोक्यावर असतानाचं. पट्टी संपली की तेच आकाश तांबूस होत होतं.

अर्थ लावायला तिला वेळ लागला नाही. संग्रहालयातल्या जुन्या चित्रांची डागडुजी करण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. जलरंगाला उजेड खातो, आणि काही निळे रंग सगळ्यात आधी उडतात. मागं उरतो तो तांबूसपणा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकारानं नदीवर संध्याकाळ रंगवलीच नव्हती. भरदुपार रंगवली होती. होड्यांच्या सावल्यासुद्धा बुडाशी गोळा झालेल्या. त्या कुणाला दिसल्या नव्हत्या असं नाही. ‘मावळतीचा थकवा’ म्हणून त्यांच्यावर दोन पानं खर्ची पडली होती.

ती पानं तिच्या वडिलांची, याच संग्रहालयाच्या माजी संचालकांची होती. याच चित्रावर त्यांनी अख्खा ग्रंथ लिहिला होता. चित्रकलेची पोरं त्यातले उतारे पाठ करत. आज पाच वाजता त्याची नवी आवृत्ती निघायची होती, याच चित्रासमोर. वडील अठ्ठ्याहत्तरचे, दोनदा दवाखान्याची वारी करून परतलेले. आजच्यासाठी त्यांनी नवा सदरा शिवून घेतला होता.

संचालक आत डोकावले, त्यांनी कड पाहिली आणि दार आतून लावून घेतलं.

“नवी चौकट घाल पटकन. झाकली मूठ सव्वा लाखाची. या वयात सरांना तोंडघशी पाडायचं? आणि तेही तू?”

तिनं नवी चौकट ठेवली. नेमकी बसली. निळं नाहीसं झालं. इतकं सोपं होतं, की तिला स्वतःचीच लाज वाटली. बापाच्या नावावर नोकरी मिळाली, असं लोक तिच्या पाठीमागं म्हणत. आता बापाचं नावच तिच्या हातात होतं.

दार वाजलं. वडीलच होते. गर्दी व्हायच्या आत एकदा निवांत बघून घेतो, म्हणाले. संचालकांनी हसून खुर्ची पुढं केली आणि तिच्याकडं डोळे वटारले.

तिनं चौकट उचलली.

“बाबा, ही कड बघा.”

ते वाकले. “ही नंतर कुणीतरी रंगवलीय!” ते ताडकन म्हणाले. तिनं भिंग पुढं केलं. बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. वडील बघत राहिले. भिंग निळ्यावरून तांबूस भागावर गेलं, परत निळ्यावर आलं, आणि आपण बापाचा जीव घेतला असं तिला वाटलं.

“माझ्या इथल्या खोलीत लावायच्या आधी हे कुठं होतं?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तळघरात. कपाटात. शंभर वर्षं.”

“म्हणजे अंधारात.”

“हो, बाबा.”

ते सावकाश खुर्चीत बसले. संचालक पाणी आणायला धावले.

“ते वर आणलं त्या दिवशी मी तुझ्या आईला म्हणालो होतो, माझ्या खोलीत भरदुपार टांगलीय, बघायला ये.” त्यांनी चष्मा काढला. “मग उघड्या खिडकीसमोर ठेवून बावीस वर्षं रोज बघत बसलो. ही संध्याकाळ त्यानं नाही गं केली. मी केली.”