सगळ्या पुढे

पूर्वार्ध संपत आला तेव्हा एका गोलसमोरची चुन्याची रेघ बुटांखाली पार पुसली गेली होती. दुसऱ्या गोलसमोरची रेघ सकाळी आखली तशीच होती, तिच्या कडासुद्धा मोडल्या नव्हत्या. तिथे उभ्या असलेल्या गोलकीपरला संघात 'भिंत' म्हणत. आज त्या भिंतीकडे अजून कुणी फिरकलं नव्हतं.

चार-शून्य. समोरचा संघ दुबळा होता आणि अकराच्या अकरा जणी आपल्या गोलसमोर दाटीवाटीने उभ्या होत्या. या मोसमात आतापर्यंत वाट्याला आलेले सगळे संघ तेच करत होते. त्यांचाही इलाज नव्हता. बाजूरेषेवरून कोचचा आवाज एकसारखा येत होता, "सगळ्या पुढे. मागे कुणी रेंगाळायचं नाही." कोच म्हणजे भिंतीची थोरली बहीण. पण मैदानावर बहीण-बिहीण काही नाही, असा तिचाच दंडक होता. तिच्या या धाडसी खेळाचं वर्तमानपत्रांतून कौतुक होत होतं.

तेवढ्यात समोरच्या एका बचावपटूने, बला टळावी म्हणून, चेंडू डोळे मिटून लांब लाथाडला. तो मधली रेघ ओलांडून टप्पे खात आला. त्याच्यामागे कुणी धावतही नव्हतं. टप्पे संपले, तो घरंगळू लागला. भिंत समोर बघत उभी होती. चेंडू तिच्या डाव्या बाजूने, वाकून उचलता येईल इतक्या जवळून, गोलमध्ये गेला.

ती हलली नाही.

क्षणभर कुणालाच काही कळेना. चेंडू मारणारीसुद्धा डोक्याला हात लावून उभी राहिली. मग प्रेक्षकांत हशा पिकला.

"भिंतीला भगदाड पडलं की."

"अहो, उठवा तिला कुणीतरी."

कर्णधार चेंडू आणायला मागे धावली. चारपैकी तीन गोल तिचे होते. ती मजेत होती. जाळ्यातून चेंडू काढून ती भिंतीच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. "काय गं, आपले चार झाले म्हणून एक दान केलास?"

"कुठे आहेस तू?" भिंत म्हणाली आणि तिने मान वळवली. हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत वळवली, तेव्हा कुठे तिला कर्णधार सापडली.

कर्णधाराचं हसू विरलं. "तुला चेंडू दिसलाच नाही."

"हळू बोल." भिंतीने तिचा दंड धरला. "डावा डोळा गेलाय. उजव्याचा पडदा कडेने विरत चाललाय. मार बसला तर तोही जाईल, असं डॉक्टर म्हणतात."

"आणि तू गोलमध्ये उभी आहेस?"

"मार बसायला चेंडू यायला तर हवा. मोसमभर आलाय का एक तरी? एवढा मोसम होऊ दे. ताईला सांगू नकोस, तुला माझी शपथ. तिला कळलं तर ती मला बुटांना हात लावू देणार नाही."

मोसमभर कर्णधाराने मागे वळून पाहिलंच नव्हतं. चेंडू मध्यरेषेवर ठेवायच्या आधी ती बाजूरेषेकडे पळाली.

"कोच, मागे दोघी ठेवू या."

"कशाला?"

शपथ आडवी आली. "एक गोल बसलाय ना, म्हणून."

"नाही. सगळ्या पुढे." कोचचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चेंडू तिच्यापर्यंत जाता कामा नये. पुढेच अडवा."

एका फुकटच्या गोलसाठी इतकं घाबरायचं, आणि तरी हट्ट सोडायचा नाही. कर्णधार चरफडत परतली.

पण त्या गोलने समोरच्या मुलींच्या अंगात वारं शिरलं होतं. पहिल्यांदाच त्या घोळक्याने पुढे आल्या, मागे कुणीच नव्हतं, आणि धावत परतलेल्या एकीने घाईत पाय आडवा घातला. फ्री किक. गोल समोरच होता. एका उंच, दणकट मुलीने चेंडू नीट ठेवला आणि ती मागे सरकत गेली. आडव्या रांगेत उभ्या असलेल्या आपल्या मुलींना भिंत ओरडून सांगत होती, "उजवीकडे. अजून उजवीकडे." डावा कोपरा सताड उघडा पडत चालला होता. कर्णधार रांगेतून निघाली आणि स्वतःच त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.

शिट्टी व्हायच्या आत बाजूरेषेवर बदलीची पाटी वर गेली. तिच्यावर गोलकीपरचा आकडा होता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. भिंतीची वळली नाही. ती हातमोजे एकमेकांवर आपटत चेंडूची वाट बघत होती.

मग कोचच मैदानात आली. रेफरीने हात वर करून थांबायला सांगितलं, तरी थांबली नाही. ती डावीकडून येत होती. बहिणीजवळ पोहोचताच तिने गोलच्या मागून वळसा घातला, उजव्या बाजूने पुढे आली आणि बरोबर त्या एका जागी उभी राहिली, जिथे ती बहिणीला दिसू शकत होती. पाऊल कुठेही घुटमळलं नाही. रोज घरात चालावं तशी ती चालली होती.

कर्णधार बघतच राहिली.

"ताई?" भिंत म्हणाली. मैदानावर हा शब्द कधी कुणी ऐकला नव्हता.

"हातमोजे काढ, बाळ," कोच म्हणाली. "चेंडू तुझ्यापर्यंत येऊ नये म्हणून मोसमभर या सगळ्यांना पुढे पळवलं मी. आता नाही पुरी पडत. आजपासून तू खेळायचं नाहीस."