कायम म्हणजे किती?

मुलांनो, डोळे मिटा आणि धानोऱ्याजवळचं एक गाव मनात आणा. कोणत्या मोहाच्या झाडाखाली कोणत्या घराने फुलं वेचायची, हे तिथे ग्रामसभा ठरवते आणि लिहून ठेवते. एकदा सभेत सचिव प्रफुल म्हणाले, "कागद पाच वर्षं ठेवू, मंग जाळू. संगणकातलं कायम ठेवू." जुन्या ठरावांचा गठ्ठा त्यांनी जाळण्यासाठी शिपायाकडून अंगणात काढून ठेवलाच होता.

आजीला टेकून बसलेल्या रंजीताने विचारलं, "भाऊ, कायम म्हंजे किती?"

"जे संपतच नाई, ते कायम." त्यांनी कपाटातून एक सीडी काढली. "सारे जुने ठराव याच्यात आहेत."

"मंग दाखवा ना."

प्रफुलभाऊंनी नवा संगणक चारी बाजूंनी पाहिला. सीडी घालायला त्याला जागाच नव्हती.

"तुहं कायम तर लवकरच संपलं रे बाबू!" आजी, सुगंधाबाई, खळखळून हसली. मग एकदम थांबली. "अन् माहे मोहाचे झाडं? ते आता कुठी लिवून आहेत?"

तेवढ्यात अंगणात शिपायाने गठ्ठा पेटवायला काडी ओढली.

रंजीता धावत गेली आणि गठ्ठ्यावर मांडी घालून बसली.