काहीच न निवडता
दिराने वहिनीच्या संगणकावर, ती लिहिते त्या एडिटरमध्ये हौसेने स्वतःची कमांड बसवली होती: नको तो मजकूर निवडायचा, एफ-आठ बटण दाबायचं, तेवढा भाग साफ, फाइल सेव्ह आणि बंद. आज वहिनी निवडायला विसरली, बटण दाबलं आणि अनुवादाचं अख्खं पुस्तक गडप. “निवडल्याशिवाय दाबलंतच कशाला? डोळे उघडे ठेवा की, वहिनी!” दीर खिदळला. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काही निवडलं नसेल तर कमांडने गप्प बसावं. ही अख्खी फाइल गिळते!” “शहाणी माणसं आधी निवडतात.” “हो का? मग तुमच्या लॅपटॉपवर दाबा. तिथेही हीच कमांड आहे, आणि तुम्ही लिहिताय तो नवा प्रोग्राम उघडाच आहे.” त्याने गुपचूप एक ओळ निवडायला घेतली. वहिनीने माउस हिसकावला. “अंहं! मी दाबलं तसंच.” त्याचं बोट बटणावर थिजलं. वहिनीने त्यावर अंगठा ठेवला. “डोळे उघडे ठेवा हं, भावजी,” म्हणत दाबला.