निषेधाची तालीम

पूर्वसूरींची कलाकृती नव्याने मांडण्याचा अधिकार प्रत्येक पिढीला आहे. तिला गोंडस करण्याचा मात्र कोणालाही नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या बॅलेने प्रेक्षक खवळून उठले होते, तो एका छोट्या शहराच्या नृत्यसंस्थेने पुन्हा रंगमंचावर आणला. मूळ बॅलेत बळी दिली जाणारी मुलगी नाचता नाचता कोसळून मरते. दिग्दर्शकाने तिला फुलांच्या झोक्यावर हसत बसवले, आणि जुन्या गदारोळाची गंमत यावी म्हणून प्रेक्षकांत हुर्यो उडवणारी भाडोत्री माणसे पेरली.

ती भूमिका करणाऱ्या मुलीला मूळ बॅलेतले ते मरण ज्यांनी शिकवले होते, त्या वृद्ध गुरुबाईंना पहिल्या रांगेत शिसारी आली. त्या उठून ओरडल्या, "पाडा तो पडदा! लाज कशी वाटत नाही तुम्हाला?"

सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. दिग्दर्शक लगबगीने येऊन कानाशी लागला, "बाई, तुम्ही तर भाड्याच्या लोकांनाही मागे टाकलंत! उद्याही अशाच ओरडाल ना?"

बाईंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. रंगमंचावर मुलगी झोक्यावरून खाली उतरली होती. हसू पुसून ती नाचू लागली, आणि शिकवल्याप्रमाणे धाडकन कोसळली.

बाई हात उंचावून पुटपुटल्या, "औक्षवंत हो, पोरी."