इख्तिलात

खतीबसरांच्या व्याख्यानांचं बाड विभागप्रमुख रुकय्याबाईंपुढे ठेवत सरांचा मुलगा नजीब म्हणाला, "अब्बांचं शेवटचं काम. तुमचा अभिप्राय आला, की विद्यापीठ छापेल."

चाळीस वर्षांपूर्वी याच सरांनी बाईंना अरबीच्या वर्गातून हाकललं होतं. गुन्हा एवढाच, की एका मुलाच्या बाकावर बसून त्यांनी उतारा वाचला. फळ्यावर 'इख्तिलात' लिहून सर गरजले होते, "धातूचा अर्थ मिसळणं. मुलामुलींची सरमिसळ माझ्या वर्गात चालणार नाही!" वर्ग फिदीफिदी हसला. घरच्यांनी त्यांचं कॉलेज बंद केलं. शिवणकाम करत बाई पुढची अरबी एकट्याच शिकल्या, बाहेरून परीक्षा देत विभागप्रमुख झाल्या.

त्यांनी बाड आठवडाभर वाचलं. काम अस्सल होतं. एकही चूक सापडेना.

तरी अभिप्रायात त्यांनी एकच शब्द लिहिला, 'इख्तिलात'. अरबीत त्याचा आणखी एक अर्थ होतो: उतारवयात स्मृतीत झालेला गोंधळ. अशा माणसाचं म्हणणं जाणकार ग्राह्य धरत नाहीत.

नजीब तणतणत आला. "बाई, हा अन्याय आहे! अब्बांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत होती."

बाईंनी बाड त्याच्या हातात ठेवलं.

"माझीही आहे," त्या म्हणाल्या.